रोज मोडते तो चौथा नियम

दिवाळीच्या सुट्टीला आठेक दिवस राहिले होते. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी शाळेच्या लायब्ररीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात वहीचं फाडलेलं पान, आणि त्यावर पाच पुस्तकांची नावं. लेखक, प्रकाशन, साल, सगळं ओळीनं. मला फार बरं वाटलं. सत्तावीस वर्षांत इतकी नीट मागणी घेऊन आलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. एरवी मागणी असते ती, "मॅडम, ते निळ्या कव्हरचं, गेल्या वर्षी दादानं नेलेलं" अशी. (ते निळं पुस्तक मला बरोबर सापडतं, हा भाग वेगळा.)

प्रकल्पाचा विषय होता परिसरातली ऐतिहासिक वास्तू. हिनं लिंब गावची बारा मोटेची विहीर घेतली होती. आम्ही सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे विहीर तशी हाकेच्या अंतरावर. मी यादी वाचली आणि पहिल्या नावालाच अडखळले. विषय माझ्या जिल्ह्याचा, प्रकाशन पुण्याचं, साल १९८७, आणि पुस्तक मला माहीत नाही? लायब्ररीत आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात नोंदतात ते दाखल रजिस्टर काढलं. नाही. जिल्ह्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयात माझी मैत्रीण आहे, तिला फोन लावला. तिनं सूची पाहिली, तिच्याकडे बसलेल्या एका निवृत्त इतिहास-शिक्षकांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही. पाचांपैकी एकच पुस्तक खरं निघालं, साताऱ्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. बाकीच्या चारांमधले दोन लेखक खरे होते, पण त्यांनी ही पुस्तकं कधी लिहिलीच नव्हती.

"ही यादी कुणी दिली गं?"

"मोबाइलमधी विचारलं, मॅडम. संदर्भग्रंथ पायजेत म्हटलं, लगेच दिले."

चॅटबॉट खोटं बोलतो हे मी ऐकून होते. पण नसलेल्या पुस्तकासाठी मी अर्धा तास कपाटं धुंडाळली, हा अनुभव नवा होता. पुस्तक हरवतं, फाटतं, त्याला कसर लागते, कुणी नेऊन परत देत नाही, या सगळ्याची माझ्याकडे नोंद करायची सोय आहे. मुळात जन्मालाच न आलेल्या पुस्तकासाठी रजिस्टरात रकाना नाही.

मुलीला मी काय सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण नंतर ते बऱ्याच जणांना सांगावं लागलं. परीक्षेत "एकही प्रश्न रिकामा सोडू नका, काहीतरी लिहाच" असं आपण सांगतो ना, तसं शिकवलेला हा एक अतिशय हुशार मुलगा आहे. त्यानं वाचलंय अफाट. कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभतो हे त्याला उत्तम कळतं. विहिरीच्या पुस्तकाला कसलं नाव शोभेल, लेखकाचं आडनाव काय असेल, प्रकाशन कुठल्या गावचं असेल, हे तो झकास जुळवतो. गाळलेली जागा तो भरणारच. नुसतं गप्पा मारताना त्याच्यामागे माझ्यासारखं दाखल रजिस्टर नसतं, इतकंच.

मुलगी हिरमुसली. म्हणाली, "मग माहिती पण खोटी का सगळी?"

तिची वही बघितली. लिहिलं होतं : ही विहीर इ.स. १६४१ ते १६४६ या काळात बांधली असून ती शिवकालीन स्थापत्याचा उत्तम नमुना आहे.

आता इथे माझा इतिहास फार पक्का आहे असं नाही. पण १६४१ साली शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते, एवढं कळतं. त्या वयात त्यांच्या नावानं लिंबला विहीर कशी काय? मी तिला म्हटलं, दुसरीकडे कुठे बघितलंस का? तर म्हणाली, सहा ठिकाणी बघितलं, सगळीकडे हेच आहे. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तिनं भावाच्या मोबाइलवरून सगळ्यांचे स्क्रीनशॉट आणून दाखवले. सहा वेबसाइटी, सहाही ठिकाणी १६४१ ते १६४६.

शाळेत काम करण्याचा एक फायदा असतो. कॉपी कशी ओळखायची ते हाडात मुरलेलं असतं. सहापैकी चार ठिकाणी "शिलालेख" हा शब्द "शीलालेख" असा लिहिलेला होता. गृहपाठाच्या चार वह्यांत एकच चूक दिसली की आपण काय समजतो? चौघांनी एकाचीच वही उतरवली. मी ते चार शब्द पेन्सिलनं दाखवले आणि मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. चोरी पकडल्याचा आनंद असतो ना, तो. म्हणजे तिच्याकडे साक्षीदार सहा नव्हते, फार तर तीन होते.

मग तिला म्हटलं, तो शिलालेख आहे कुठे? म्हणाली, विहिरीतच असेल. मग वेबसाइटी कशाला वाचतेस, विहीरच वाचून ये.

रविवारी ती वडिलांच्या गाडीवर बसून लिंबला गेली. सोमवारी प्रार्थनेआधीच लायब्ररीच्या दारात हजर. फोटोत दगडावर कोरलेली अक्षरं. आम्ही दोघी आणि शिपाईमामा, तिघं मिळून ती लावत बसलो. शके १६४१, शके १६४६, आणि नाव वीरूबाई भोसले यांचं. शके! सगळा घोटाळा तिथे होता. कुणीतरी कधीतरी शके हा शब्द गाळून आकडा तेवढा उचलला, त्याला "इ.स." चिकटवलं, आणि बाकीच्यांनी तो तसाच पुढे ढकलला. शकात ७८ मिळवले की इसवी सन. म्हणजे १७१९ ते १७२४. शिवाजी महाराजांचा नव्हे, त्यांच्या नातवाचा, साताऱ्याच्या शाहू महाराजांचा काळ. ७८ वर्षं म्हणजे दोन पिढ्या. माझी आजी आणि मी.

(गणिताच्या सरांनी नंतर दुरुस्ती केली. वर्षाच्या शेवटी, म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत, ७८ नव्हे ७९ मिळवावे लागतात. मला हे माहीत नव्हतं. मुलीनं ते वहीत तळटीप म्हणून टाकलं आणि खाली सरांचं नाव लिहिलं. सर दोन दिवस खुशीत होते.)

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की लायब्ररीच्या बाबतीत मला नेहमी एकच प्रश्न विचारतात. मागच्या महिन्यात एका लग्नात नात्यातल्या एका भाऊजींनी विचारला, संस्थेतल्या एका साहेबांनीही विचारला. "आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग तुमचं काम काय राहिलं?" भाऊजींना मी हसून टाळलं. साहेबांना टाळता येत नाही. पण बोलून तरी काय, पुढच्या मेमध्ये मला अठ्ठावन्न पूर्ण होतात. त्यानंतर कपाटांच्या किल्ल्या कुणा एका शिक्षकाकडे जातील आणि त्या तिथेच राहतील, असं सगळे धरूनच चाललेत.

आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात रंगनाथनांचे पाच नियम पाठ करावे लागत. शियाळी रामामृत रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुस्तकांची विषयवार मांडणी सुटे भाग जोडल्यासारखी करता येईल, ही कल्पना त्यांना लंडनच्या एका दुकानात मुलांच्या मेकॅनो खेळण्यावरून सुचली, ही गोष्ट आम्हाला शिकवणाऱ्या बाई फार रंगवून सांगायच्या. रंगनाथनांचं पाच नियमांचं पुस्तक १९३१ चं. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. १२ ऑगस्टला त्यांची जयंती. शाळेच्या दिनविशेषाच्या फळ्यावर ती येत नाही म्हणून मी आणि मामा लायब्ररीतच फोटोला हार घालतो. हार माझा, नारळ मामांचा.

तर त्यातला चौथा नियम. वाचकाचा वेळ वाचवा. नोकरीची पहिली वीस वर्षं मी त्याच्याच मागे होते. विषयवार यादी केली, कपाटांवर वर्गांक, म्हणजे ड्युई पद्धतीत प्रत्येक विषयाला दिलेले आकडे, रंगवून घेतले, मुलांना ते खेळासारखे शिकवले. अजून मुलं म्हणतात, "पाचशेच्या कपाटात बघ, बेडूक तिथं असतोय." पाचशे म्हणजे विज्ञान. एका मुलाला हवं ते पुस्तक दोन मिनिटांत हातात पडलं की माझा दिवस चांगला जायचा.

आता ते काम मोबाइल माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं करतो. वाचकाचा वेळ इतका वाचलाय की मुलाला प्रश्न नीट पडायच्या आत उत्तर समोर असतं. आणि मी? त्या मुलीचे मी चार दिवस घालवले. फोन, रजिस्टर, स्क्रीनशॉट, लिंबची फेरी, वर पेट्रोल तिच्या वडिलांचं. चौथा नियम मी हल्ली राजरोस मोडते. रंगनाथन असते तर रागावले असते का? मला नाही वाटत. माणूस गणिताचा होता. उत्तराबरोबर रीतही दाखवा म्हणाले असते.

मुलांना मी स्थळाचं उदाहरण देते. घरात ताईसाठी स्थळ आलं की काय करता? मुलगा दिसायला बरा आहे म्हणून लगेच होकार देता का? गावात चौकशी करता. कुणाचा कोण, मामा कुठले, नोकरी खरीच आहे का, मध्यस्थाला यात काय मिळणार आहे. मग माहिती घरात घेताना तिची चौकशी नको? कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी सांगितलं? मुली हसतात, पण त्यांना ते लगेच पटतं. मुलांना जरा वेळ लागतो.

विश्वकोशाचे खंड आमच्याकडे आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ज्याची उभारणी केली तो. पहिला खंड १९७६ चा, एकूण वीस. वाई आमच्या जिल्ह्यातली, तरी पोरांना त्याचं काही नाही. आता तो सगळा इंटरनेटवर फुकट वाचता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी प्रत्येक वर्गात सांगते. पण छापील खंड उघडून मी मुलांना नोंदीचा शेवट दाखवते. मजकूर संपला की खाली संदर्भ, आणि लिहिणाऱ्याचं आडनाव. म्हणजे चुकलं तर कान कुणाचा धरायचा ते ठाऊक आहे. मग मराठी विकिपीडिया उघडायचा आणि वरचं इतिहासाचं बटण दाबायचं. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे दिसतं. हे बटण आठवीतल्या मुलांना जादूसारखं वाटतं. एकानं विचारलं, "मॅडम, व्हॉट्सॲपला असलं बटण का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. हे लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते. एका राष्ट्रीय सणाच्या भाषणात आमच्या एका ज्येष्ठ सरांनी मेकॉलेचं, हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या त्या इंग्रजाचं, ते प्रसिद्ध वाक्य सांगितलं. "मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही" वगैरे. २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंटमधलं भाषण म्हणून ते फिरत असतं. तुम्हालाही कधीतरी आलं असेल. दहावीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी ते पूर्ण हवं म्हणून माझ्याकडे आला, वक्तृत्व स्पर्धेसाठी. मी त्याला इतिहासाच्या कपाटातली दोन पुस्तकं काढून दिली आणि म्हटलं, भाषण शोधायच्या आधी एवढंच शोध, त्या दिवशी मेकॉले होता कुठे. तासाभरानं आला. मेकॉले १८३४ सालीच हिंदुस्थानात आलेला होता आणि २ फेब्रुवारी १८३५ ला तो कलकत्त्यात होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण प्रसिद्ध आहे. कलकत्ता ते लंडन तेव्हा बोटीनं काही महिन्यांचा प्रवास. मग पार्लमेंटमध्ये बोललं कोण?

गंमत म्हणजे त्या खऱ्या टिपणात जे आहे ते या बनावट वाक्यापेक्षा आपल्याला जास्त झोंबणारं आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं तो म्हणतो. मी सत्तावीस वर्षं फडताळं पुसतेय, मला ते वाक्य वैयक्तिक लागतं. मुलानं तेच घेऊन भाषण केलं आणि चांगलं केलं.

पण त्याआधी तो सरळ सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, तुमचं वाक्य खोटं आहे." मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. सर माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुस्तकं द्या-घ्या, शिकवायचं आम्ही बघतो." मी गप्प बसले. स्टाफरूममध्ये ग्रंथपालाची खुर्ची कुठे असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. चूक माझीही होती. चौकशी करायला शिकवलं, पण मोठ्या माणसाला चूक दाखवताना वाक्य कसं सुरू करायचं ते शिकवलं नाही. आता तेही शिकवते. "सर, मला एक शंका आहे" असं सुरू करायचं.

एरवीचा दिवस कसा जातो ते थोडक्यात. कुणी रजेवर असलं की ऑफ तास माझा. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचं वाटप, मग शिष्यवृत्तीचे अर्ज, मग ऑनलाइन माहिती भरणं, कारण "तुम्हाला कॉम्प्युटर येतो." चार वर्षांपूर्वी आमच्याकडे डिजिटल लायब्ररीचं उद्घाटन झालं. एका देणगीदारांनी चार टॅब दिले, फीत कापली, फोटो पेपरात आला. टॅबचे पासवर्ड ज्या सरांनी टाकले त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. टॅब माझ्या कपाटात आहेत, त्यांना दाखल क्रमांकही दिलेत. पासवर्ड मिळाला तोवर दोनांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या.

उरलेले दोन मात्र चालतात आणि त्यांवर मी सर्वांत जास्त दाखवते ते "किशोर"चे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासूनचं, आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मुलांना पुस्तकं देता येईनात, तेव्हा मी याच अंकांतलं काही ना काही रोज ग्रुपवर पाठवायचे. दिवसा कुणी बघायचं नाही. रात्री साडेआठनंतर एकदम निळ्या खुणा पडायला लागायच्या. बाप कामावरून आला की फोन घरात यायचा, तेव्हा. त्या काळात एका पालकानं मला एका नव्या मराठी कादंबरीचं अख्खं पीडीएफ पाठवलं, "मुलांना द्या" म्हणून. मी नाही दिलं. चोरीचा माल मी लायब्ररीत घेत नाही, तो फुकट असला तरी. त्यांना राग आला. असो.

विहिरीकडे परत येते.

प्रकल्प तपासून मिळाला. सोळा पानं, हातानं लिहिलेला, शिलालेखाचा फोटो चिकटवलेला, आणि मागे एक पान जास्तीचं. त्यावर तिनं सहा वेबसाइटींची नावं लिहून कुणी कुणाचं उतरवलं असेल ते बाणांनी दाखवलं होतं. वंशावळीसारखं. मार्क वीसपैकी सतरा. एक मार्क "अनावश्यक पान" म्हणून कापला होता, तसं लाल पेननं लिहिलंच होतं. ती चिडली होती. मी म्हटलं, हे मला देतेस का लायब्ररीला?

दाखल रजिस्टर उघडलं. तारीख, दाखल क्रमांक. लेखकाच्या रकान्यात तिचं नाव. वर्गांक ९५४.७९२, महाराष्ट्राचा इतिहास. किंमतीच्या रकान्यात "भेट". प्रकाशकाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तिला विचारलं, इथे काय लिहू?

तिनं जरा विचार केला. "पप्पांचं लिहा. पेट्रोल त्यांचं होतं."

लिहिलं.